उपदेश कोणी करायचा? मेथडिस्टांचे गवंडी-सुतार आणि आपले बौद्धाचार्य

१५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या भाषणाच्या शेवटी बाबासाहेबांनी एक घोषणा केली. प्रत्येक बौद्ध माणसाला दीक्षा देण्याचा अधिकार आहे, असे त्यांनी जाहीर केले. आदल्याच दिवशी त्यांनी स्वतः महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतली होती. मग वळून समोरच्या लाखो लोकांना त्रिशरण, पंचशील आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्या मात्र स्वतःच्या तोंडून. चीवर न घातलेला, संसारी, कोटातला एक माणूस लाखोंना धम्मदीक्षा देतो, ही गोष्ट धर्माच्या इतिहासात लहान नाही. तरी दरवर्षी दीक्षाभूमीवर जाणाऱ्या आमच्यापैकी किती जणांना ती घोषणा आठवते? बावीस प्रतिज्ञा आम्हाला पाठ आहेत. पण 'तूसुद्धा दीक्षा देऊ शकतोस' हे वाक्य आम्ही सोयीस्करपणे बौद्धाचार्यांच्या खात्यावर टाकून मोकळे झालो आहोत.

धर्माचे काम सामान्य माणसाने करायचे, त्यासाठी वेगळी जमात ठेवायची नाही, हा प्रयोग जगात आणखीही काही ठिकाणी झाला. त्यातला सर्वांत मोठा आणि सर्वांत शिकण्यासारखा प्रयोग अठराव्या शतकात इंग्लंडात मेथडिस्टांनी केला. तो कसा उभा राहिला, त्यातून कोण वर आले आणि तो कुठे कुजला, हे तिन्ही आपण नीट पाहिले पाहिजे. ख्रिस्ती धर्माचा इतिहास आपल्याला कशाला, असे काही मित्र विचारतील. त्यांनी शेवटपर्यंत वाचावे. बाबासाहेबांनी हा प्रश्न विचारला नव्हता, एवढे सध्या सांगतो.

त्या काळचे इंग्लंडचे चर्च म्हणजे सरकारी धर्म. बिशपने डोक्यावर हात ठेवून दीक्षित केल्याशिवाय कोणाला पुलपिटावर चढता येत नसे. पाद्री व्हायचे तर सहसा ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजची पदवी लागे. कुठल्या गावाला कोणता पाद्री, हे बऱ्याच ठिकाणी तिथला जमीनदार ठरवी, आणि गावाने शेतीच्या उत्पन्नातला दशांश चर्चला द्यायचा. गावचा जोशी आणि त्याचे वतन डोळ्यांपुढे आणा, म्हणजे चित्र स्पष्ट होईल. फरक एवढाच की पाद्र्याचे पद जन्माने मिळत नव्हते. पण मजुराचा मुलगा तिथे पोचत नव्हता, हेही तितकेच खरे.

जॉन वेस्ली (१७०३–१७९१) याच चर्चचा दीक्षित पाद्री, ऑक्सफर्डचा विद्वान, स्वभावाने शिस्तीचा आणि राजनिष्ठ. १७३९ च्या एप्रिलमध्ये ब्रिस्टलला तो उघड्यावर प्रवचन देऊ लागला. जवळच्या किंग्सवूडचे कोळसा खाणकामगार ऐकायला येत. हा माणूस क्रांतिकारक नव्हता. उघड्यावर बोलणेही त्याला आधी कमीपणाचे वाटले होते. आणि साध्या, अदीक्षित माणसाने उपदेश करावा, हे तर त्याला मुळीच मान्य नव्हते.

ते त्याला मान्य करावे लागले, ते आईमुळे. वेस्ली ब्रिस्टलला असताना लंडनच्या त्याच्या मंडळीत थॉमस मॅक्सफील्ड नावाच्या एका साध्या माणसाने उपदेश करायला सुरुवात केली. बातमी कळताच वेस्ली त्याला थांबवायला घाईने लंडनला आला. त्याची आई सुझाना तेव्हा तिथेच राहत होती. तिने मुलाला बजावले की आधी ऐक, त्याच्या बोलण्याने लोकांच्या जगण्यात काय फरक पडला ते पाहा आणि मग ठरव. तुला जितका अधिकार आहे तितकाच त्यालाही आहे. वेस्लीने ऐकले आणि माघार घेतली.

सुझानाचा हा अनुभव काही पुस्तकी नव्हता. १७१२ साली तिचा नवरा, एपवर्थ गावचा पाद्री, लंडनला गेलेला असताना ती रविवारी संध्याकाळी घरात मुलांना वाचून दाखवी. आधी घरातले नोकर बसू लागले, मग शेजारी, आणि शेवटी सुमारे दोनशे माणसे जमू लागली. नवऱ्याच्या बदली काम बघणाऱ्या पाद्र्याने तक्रार केली. नवऱ्याने पत्र लिहून बंद करायला सांगितले. तिने उत्तर दिले की मला नुसते सुचवू नका, स्पष्ट हुकूम द्या, म्हणजे या लोकांचे जे नुकसान होईल त्याची जबाबदारी तुमच्यावर राहील. नवऱ्याने हुकूम दिला नाही. मेथडिस्ट चळवळीचे मूळ शोधायचे तर आम्ही वेस्लीच्या विद्यापीठात जाणार नाही, या बाईच्या स्वयंपाकघरात जाऊ.

आता पैशाची गोष्ट. फेब्रुवारी १७४२ मध्ये ब्रिस्टलच्या सभागृहाचे कर्ज फेडायचे होते. बैठकीत फॉय नावाच्या एका जहाजाच्या कप्तानाने सुचवले की प्रत्येक सभासदाने आठवड्याला एक पेनी द्यावी. दुसरा म्हणाला, अनेकांना तेवढेही परवडणार नाही. तेव्हा फॉय म्हणाला, सर्वांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या, त्यांना जमले तर ते देतील, नाही जमले तर त्यांच्या वाटचे मी भरीन. तुम्हीही प्रत्येकाने शेजारचे अकरा जण घ्या. अशी बारा-बारा माणसांची तुकडी तयार झाली. पेनी गोळा करायला घरोघर फिरणाऱ्या माणसाला कोण आजारी आहे, कोण दारूत बुडाला आहे, कोणाचे काम सुटले आहे, हे सगळे कळू लागले. पुढे घरोघर जाण्याऐवजी सगळे आठवड्यातून एकदा एकत्र बसू लागले. यालाच क्लास म्हणत आणि त्या बारांच्या प्रमुखाला क्लास लीडर.

आम्हाला वाटते, मेथडिस्टांचे खरे बळ वेस्लीच्या प्रवचनांत नव्हते, या बारांच्या बैठकीत होते. क्लास लीडर म्हणजे विणकर, चांभार, मोलकरीण, खाणकामगार. त्याला लोकांपुढे बोलावे लागे, हिशेब ठेवावा लागे, दुसऱ्याचे दुःख ऐकून घ्यावे लागे. अक्षरओळख नसलेली माणसे केवळ या कामासाठी वाचायला शिकली. स्त्रियाही लीडर होत्या. साराह क्रॉस्बी १७६१ मध्ये डर्बीला क्लास घ्यायला गेली तेव्हा समोर जवळपास दोनशे माणसे बसलेली. एवढ्यांशी एकेकट्याने कसे बोलणार? मग ती उभी राहून सगळ्यांशीच बोलली, आणि नकळत उपदेशक झाली.

क्लास लीडरातून पुढची पायरी स्थानिक उपदेशकाची. हा माणूस आठवडाभर आपला धंदा करी आणि रविवारी मैलोन्मैल चालत जाऊन वाडीवस्तीवर उपासना चालवी. पगार नाही. तिमाहीचे एक वेळापत्रक असे, त्याला 'प्लॅन' म्हणत. एका बाजूला गावांची नावे, एका बाजूला तारखा आणि चौकटीत उपदेशकाचा क्रमांक. कोण कुठे बोलणार हे आधीच ठरलेले, छापलेले आणि सर्वांना माहीत. नवीन माणसाला आधी उमेदवारीवर ठेवत, त्याचे बोलणे जुने उपदेशक ऐकत, त्याला प्रश्न विचारत आणि मगच त्याचे नाव प्लॅनवर पक्के होई. भावना आहे, आवाज आहे, एवढ्यावर कोणाला व्यासपीठ मिळत नसे. वेस्लीने तर सांगून ठेवले होते की ज्या उपदेशकाला वाचनाची गोडी नाही त्याने ती लावून घ्यावी, नाहीतर आपल्या जुन्या धंद्याला परत जावे. त्याने पन्नास खंडांची एक ग्रंथमाला काढली आणि पुस्तके स्वस्तात घरोघर पोचवली. ज्यांना भाषण आवडते पण पुस्तक आवडत नाही असे वक्ते आपल्याकडे १४ एप्रिलच्या आसपास पुष्कळ दिसतात, त्यांच्यासाठी हा नियम फार उपयोगी आहे.

या यंत्रणेतून कोण घडले? यॉर्कशायरचा गवंडी जॉन नेल्सन दिवसा दगड घडवी आणि संध्याकाळी बोलत असे. प्रतिष्ठितांना हे इतके झोंबले की १७४४ मध्ये त्याला पकडून जबरदस्तीने सैन्यात भरती केले. न्यूयॉर्कमध्ये १७६६ साली बार्बरा हेक नावाच्या बाईने फिलिप एम्बरी या सुताराला बोलायला उभे केले आणि तिथली मंडळी सुरू झाली. वेस्ट इंडीजमधल्या अँटिग्वा बेटावरची हकीकत याहून मोठी आहे. तिथे नॅथॅनिएल गिल्बर्ट या मळेवाल्याने आपल्या गुलामांना जमवून मंडळी सुरू केली होती. १७७४ मध्ये तो वारला. कोणी पाद्री नव्हता, कोणी गोरा माणूस पुढे आला नाही. तेव्हा मेरी अ‍ॅली आणि सोफिया कॅम्पबेल या दोन काळ्या वंशाच्या स्त्रियांनी ती मंडळी चालू ठेवली. १७७८ मध्ये जॉन बॅक्स्टर नावाचा जहाजबांधणीचा कारागीर आला, तोवर ती जिवंत होती. लोक कोणाची वाट पाहत बसले नाहीत.

इथपर्यंत वाचून कोणाला हे सगळे फार सुंदर वाटले असेल तर दुसरी बाजू ऐका.

वेस्लीने साध्या माणसाला बोलू दिले, पण प्रभुभोजन आणि बाप्तिस्मा देण्याचा अधिकार दिला नाही. तो दीक्षित पाद्र्यांकडेच राहिला. म्हणजे तोंड मोकळे केले, हात बांधलेलेच ठेवले. शिवाय कोण उपदेशक राहणार, कोण जाणार, हे वेस्ली एकटा ठरवी. १७८४ मध्ये त्याने कायदेशीर दस्त करून आपल्या मागे सत्ता शंभर उपदेशकांच्या हाती सोपवली. ते सगळे पूर्णवेळ फिरते उपदेशक. पेनी गोळा करणारा क्लास लीडर त्यात कुठेच नव्हता. वेस्ली वारला तेव्हा ब्रिटिश बेटांत सुमारे ७२ हजार सभासद होते, आणि त्यांच्या वतीने निर्णय घेणारे हे शंभर. अलेक्झांडर किल्हॅम या उपदेशकाने सामान्य सभासदांना प्रतिनिधित्व द्या म्हणून पत्रके काढली, तर १७९६ मध्ये त्याला काढून टाकले. वेस्लीच्या मूळ संघटनेच्या वार्षिक परिषदेत सामान्य सभासदांचे प्रतिनिधी बसले ते थेट १८७८ मध्ये.

आणखी एक गोष्ट हळूहळू घडली. ती आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. हे पूर्णवेळ फिरते उपदेशक सुरुवातीला स्वतःच साधी माणसे होती. सुतार, शिपाई, मास्तर. चळवळ वाढली, त्यांना ठरावीक मानधन आले, राहायला घर आले, समाजात मान आला. १८३६ पासून त्यांनाही डोक्यावर हात ठेवून रीतसर दीक्षा देणे सुरू झाले. ज्या पाद्रीवर्गाला बाजूला सारून चळवळ उभी राहिली, तोच वर्ग वेस्लीच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षांच्या आत चळवळीच्या पोटातून जन्माला आला.

स्त्रियांचे काय झाले? १८०३ च्या परिषदेने ठराव केला की स्त्रियांनी सहसा उपदेश करू नये. फारच विशेष पाचारण असेल तर परवानगी घेऊन फक्त स्त्रियांपुढे बोलावे. चळवळ गरीब आणि बदनाम होती तोवर बाया चालत होत्या. प्रतिष्ठा आली, बाया नकोशा झाल्या.

आणि काळ्यांचे? रिचर्ड अ‍ॅलन १७६० मध्ये गुलामीत जन्मला, मेहनत करून त्याने स्वतःचे स्वातंत्र्य विकत घेतले आणि तो मेथडिस्ट उपदेशक झाला. फिलाडेल्फियाच्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये तो आणि त्याचे साथी गुडघे टेकून प्रार्थना करत असताना, ही जागा तुमची नाही म्हणून त्यांच्यातल्या अ‍ॅबसॅलम जोन्सला ओढून उठवण्यात आले. प्रार्थना संपेपर्यंत थांबा, असे तो सांगत होता. प्रार्थना संपली आणि सगळे काळे लोक एकत्र उठून बाहेर पडले. त्यातूनच १८१६ मध्ये आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च हे काळ्यांचे स्वतंत्र चर्च उभे राहिले. 'सर्व जण देवाचे सेवक' म्हणणाऱ्या मंडळीतही गुडघे कुठे टेकायचे हे कातडीवरून ठरत होते. आपल्याकडे ख्रिस्ती झालेल्या अनेक दलितांना चर्चमधल्या बाकांचा आणि कबरस्तानातल्या जागेचा हाच अनुभव आला आहे. सिद्धांत समतेचा असला म्हणजे व्यवहार आपोआप समतेचा होत नाही. मात्र अ‍ॅलनच्या नव्या चर्चमध्येही जरीना ली या बाईला आधी नकारच मिळाला होता. पुढे भर उपासनेत वक्ता अडखळला तेव्हा ती उठून बोलली आणि १८१९ मध्ये अ‍ॅलननेच तिला मान्यता दिली.

तरीसुद्धा ही चळवळ वरच्या लोकांना पूर्ण ताब्यात ठेवता आली नाही, कारण खाली बोलायला आणि संघटित व्हायला शिकलेली माणसे तयार झालेली होती. ह्यू बोर्न हा सुतार आणि विल्यम क्लाउज हा कुंभारकाम करणारा कारागीर. ३१ मे १८०७ रोजी मोव कॉप टेकडीवर भरलेल्या उघड्यावरच्या मेळाव्यातून त्यांची फळी पुढे आली. मूळ संघटनेने दोघांनाही काढून टाकले. त्यांनी प्रिमिटिव्ह मेथडिस्ट ही शाखा काढली. तिथे सामान्य सभासदांना कारभारात जागा होती आणि बायाही उपदेश करत होत्या.

मग येते टॉलपडल. डॉर्सेट परगण्यातल्या या खेड्यात शेतमजुरांची आठवड्याची मजुरी नऊ शिलिंगांवरून आठ, आठावरून सात अशी उतरत गेली आणि सहावर आणण्याची धमकी होती. जॉर्ज लव्हलेस हा तिथला शेतमजूर आणि मेथडिस्ट स्थानिक उपदेशक. त्याने मजुरांची संघटना बांधली. मार्च १८३४ मध्ये बेकायदा शपथ घेतल्याच्या आरोपावरून त्याच्यासह सहा जणांना सात वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि त्यांना ऑस्ट्रेलियाला पाठवले. सहापैकी बहुतेक मेथडिस्ट होते. मेथडिस्टांचे अधिकृत नेतृत्व त्यांच्या पाठीशी उभे राहिले नाही. कामगार मात्र लाखोंच्या सह्या घेऊन उभे राहिले आणि १८३६ मध्ये माफी जाहीर करावी लागली. पुढे ७ फेब्रुवारी १८७२ ला वेल्सबर्न गावात चेस्टनटच्या झाडाखाली एका स्टुलावर उभा राहून जोसेफ आर्च शेतमजुरांशी बोलला आणि त्यातून शेतमजुरांची राष्ट्रीय युनियन निघाली. आर्च हा कुंपणे बांधणारा मजूर, आणि प्रिमिटिव्ह मेथडिस्टांचा स्थानिक उपदेशक. १८८५ मध्ये तो पार्लमेंटात गेला. हजारो माणसांपुढे बोलण्याची सवय त्याला कुठून आली? रविवारच्या प्लॅनमधून.

ई. पी. थॉम्पसन या मोठ्या इतिहासकाराने इंग्लिश कामगारवर्गावरच्या आपल्या १९६३ च्या ग्रंथात मेथडिस्टांवर कडक टीका केली आहे. या धर्माने कामगाराला कारखान्याच्या शिस्तीला जुंपले, असे त्याचे म्हणणे. (त्याचे वडील स्वतः मेथडिस्ट मिशनरी म्हणून बंगालमध्ये होते, म्हणजे घरातलेच माहीत होते.) टीकेत तथ्य आहे. पण वरच्या नेतृत्वाने काय शिकवले आणि खालच्या माणसाने त्यातून काय उचलले, हे दोन वेगळे हिशेब आहेत. लव्हलेसने आज्ञाधारकपणाचे धडे ऐकले आणि संघटना करणे शिकला.

आता आपल्याकडे येऊ. मेथडिस्ट मिशन मुंबईत आले ते १८७१-७२ च्या सुमारास विल्यम टेलरबरोबर. त्यानेही नोकरीधंदा करणाऱ्या माणसांचे क्लासच आधी बांधले. पण आपली परंपरा त्यांच्याकडून सुरू होत नाही. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन करून जोतीरावांनी भटाशिवाय लग्ने लावायला सुरुवात केली, तेव्हाच हा अधिकार सामान्य माणसाच्या हातात आला. जोश्यांना तो इतका झोंबला की ओतूरच्या बाजूला बुडालेल्या दक्षिणेसाठी दावे लावले गेले. १९३६ च्या 'जातिप्रथेचे उच्चाटन' मध्ये बाबासाहेबांनी पौरोहित्याचा प्रश्न थेट घेतला. पुरोहित नसलाच तर उत्तम. ठेवायचाच तर तो वंशपरंपरेने नको, कोणालाही परीक्षा देऊन होता आले पाहिजे, असे त्यांनी मांडले. आणि १९५४ मध्ये ब्रह्मदेशातल्या बुद्ध शासन कौन्सिलपुढे भारतातल्या धम्मप्रसाराचा जो आराखडा त्यांनी ठेवला, त्यात संसारी, विवाहित चालतील अशा गृहस्थ उपदेशकांची मागणी आहे. त्यांनी लोकांत फिरावे, धम्म सांगावा आणि नवे बौद्ध तो कसा पाळतात यावर लक्ष ठेवावे. उपासकांसाठी दीक्षेचा विधी, रविवारी विहारात सामुदायिक वंदना आणि त्यानंतर प्रवचन, हेही त्यात आहे. ख्रिस्ती मंडळ्या कशा चालतात हे बाबासाहेबांनी बारकाईने पाहिले होते आणि उपयोगी ते उचलायला त्यांना संकोच नव्हता. धर्म नाकारला म्हणून त्याच्या संघटनेकडे पाठ फिरवली पाहिजे, असे त्यांनी मानले नाही.

एका मुद्द्यावर मात्र त्यांचा आराखडा मेथडिस्टांच्या स्थानिक उपदेशकापेक्षा वेगळा होता. या उपदेशकांना वेतन द्यावे, असे त्यांनी लिहिले. ते बरोबरच होते. उपाशी माणसाकडून फुकट धम्मकार्याची अपेक्षा ठेवणे हा शोषणाचाच प्रकार आहे. पण वेतन आले की वर्ग तयार होतो, हे १८३६ चा इतिहास सांगतो. म्हणून नागपूरची घोषणा १९५४ च्या आराखड्यासोबत वाचली पाहिजे. प्रशिक्षित माणूस असावा, त्याला आधार असावा, पण अधिकार त्याच्या एकट्याच्या खिशात नसावा. बाबासाहेबांनी दीक्षेचा हक्क सर्वांना दिला, म्हणजे वेस्लीने जे हात बांधून ठेवले होते तेही मोकळे केले.

भारतीय बौद्ध महासभेने बौद्धाचार्यांची जी फळी उभी केली ती याच विचाराची आहे, आणि हजारो कष्टकरी, नोकरदार माणसांनी रविवार खर्ची घालून ती चालवली. त्यांच्याबद्दल आमच्या मनात आदरच आहे. तक्रार आहे ती आमच्या सवयीबद्दल. साध्या घरभरणीला, नामकरणाला, पुण्यानुमोदनाला तीस माणसे ताटकळत बसतात, का तर बौद्धाचार्य दुसऱ्या लग्नातून अजून आले नाहीत. समोर बसलेल्या एम.ए. झालेल्या पोरांना त्रिशरण-पंचशील पाठ असते, पण कोणी उठत नाही. काही ठिकाणी तर पांढऱ्या कपड्यांतल्या माणसाकडे मुहूर्तासारखी तारीख मागितली जाते आणि पाकीट हातात ठेवले जाते. बाईने उभे राहून लग्न लावलेले तुमच्यापैकी किती जणांनी पाहिले आहे? १८०३ चा ठराव आपण कधी केला नाही, तरी पाळतो मात्र बिनबोभाट.

आणि पैसा. त्याच नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी प्रत्येकाने मिळकतीचा विसावा हिस्सा या कामाला द्यावा असे सांगितले होते. ब्रिस्टलच्या मजुरांनी आठवड्याच्या पेनीवर सभागृह उभे केले आणि ज्याला जमले नाही त्याची पेनी शेजाऱ्याने भरली. आमची वर्गणी वर्षातून एकदा डीजे आणि बॅनरसाठी निघते आणि उरलेल्यासाठी आम्ही नगरसेवकाच्या दारात उभे राहतो. नगरसेवकाच्या पैशावर उभ्या राहिलेल्या व्यासपीठावरून नगरसेवकाविरुद्ध कोणी बोलेल का?

वर्षावासात तीन महिने विहाराविहारांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचला जातो. बहुतेक ठिकाणी एकच काका रोज वाचतात आणि बाकीचे ऐकतात. येत्या आषाढ पौर्णिमेआधी विहाराच्या भिंतीवर एक तक्ता लावता येईल. एका बाजूला तारखा, दुसऱ्या बाजूला नावे. रिक्षा चालवणारे दादा, धुणीभांडी करणारी ताई, बारावीतली मुलगी, बँकेतले साहेब, सगळ्यांची. वाचायचे आणि नंतर दहा मिनिटे स्वतःच्या शब्दांत सांगायचे. ज्याला वाचता येत नाही त्याने शेजाऱ्याकडून ऐकून सांगायचे. काकांना चौथ्या रांगेत बसवायचे आणि चुकले तर तिथूनच दुरुस्त करायला सांगायचे.